सुलतान आणि चंद्रीची तपासणी

आई डोळस, बाप डोळस, मग वर्षाच्या आत कुत्रीच्या आठांपैकी दोन पिल्लं आंधळी झाली कशी? जतजवळच्या वाडीतल्या भामिनीला दोन हजार अठ्ठावन्न साली या कोड्यानं पुरतं भंडावलं होतं. त्यातलं एक आंधळं पिल्लू बाजीकाकांच्या विहिरीत पडून मेलं.

आणि आज बाजीकाका त्या पिल्लांच्या बापाला, आपल्या सुलतानला, घेऊन पुन्हा त्यांच्या आईसाठी, भामिनीच्या चंद्रीसाठी, दारात हजर!

"भामे, सर बाजूला. दौडीत पहिला येतो माझा सुलतान!"

"आंधळेपण कुठून आलं, याच्या तपासणीशिवाय चंद्री बाहेर येणार नाही." भामिनी दार अडवून उभी राहिली.

"कुत्र्यांच्या तपासणीला आठ हजार? येडी का खुळी तू!"

आतून आप्पाआजोबा आले. सारा जन्म त्यांनी प्रयोगशाळेत काढला होता, आणि कीर्तन तर एकही चुकवलं नव्हतं. "बाजी, बुवांच्या मागे दोन टाळकरी असतात. एकाचा ताल चुकला तर?"

"दुसरा सावरतो. कुणाला कळतही नाही."

"दोघांचाही चुकला तर?"

"तर झालं की कीर्तनाचं वाटोळं!"

"शरीरात जनुकांची (पिढीजात गुणांच्या सूचनांची) अशीच जोडी असते. एक आईकडून येतं, एक बापाकडून."

भामिनी ताडकन म्हणाली, "म्हणजे आई-बापांचं एकेकच बिघडलेलं, म्हणून ते ठणठणीत! पण पिल्लाला दोन्हीकडून बिघडलेलंच आलं, की दृष्टी गेली!"

"शाब्बास! अशा आई-बापांना वाहक (दोष बाळगणारे, पण स्वतः निरोगी) म्हणतात. दोघं वाहक असले, तर सरासरी चारांत एका पिल्लावर संकट. नुसतं बघून हे ओळखता येत नाही."

तेवढ्यात भामिनीनं बोलावलेला धन्वा, म्हणजे गुरांचा डॉक्टर असलेला यंत्रमानव, दोन्ही कुत्र्यांच्या गालांच्या आतून कापसाचा बोळा फिरवून मोकळाही झाला. दहा मिनिटांत तो म्हणाला, "दोघेही वाहक."

"म्हणजे माझा सुलतान बाद?" काकांनी सुलतानला जवळ ओढलं.

"मुळीच नाही, काका!" भामिनी म्हणाली. "जिची दोन्ही जनुकं चांगली, अशी मादी त्याला शोधा. काही पिल्लं वाहक निघतील, पण या दोषानं आंधळं एकही होणार नाही. चंद्रीलाही आम्ही तसाच जोडीदार बघू."

"कुत्र्याला तपासून मादी शोधतो म्हणून वाडी हसेल गं, पोरी."

"हसू दे! आंधळी पिल्लं जन्माला घालायची, त्यापेक्षा लोकांचं हसणं परवडलं."

काकांनी सुलतानच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवला. मग धन्वाकडे वळून म्हणाले, "घरी अजून तीन कुत्री आहेत माझी. येतोस? पण वाटेत कुणी नावं ठेवली, तर मला नाही उलट बोलता येणार."

भामिनी केव्हाच त्यांच्या पुढे चालू लागली होती. "मला येतं!"