भाषणांतले साहेब

अतिदक्षता विभागात बेड नंबर चारवरच्या काकू दोन दिवस बेशुद्ध होत्या, पण त्यांची इच्छाप्रतिमा केस विंचरण्यावरून नर्सशी हुज्जत घालत होती. "मधला भांग नको म्हणून सांगितलंय ना," उशाजवळच्या यंत्राच्या पडद्यातून काकूंचाच आवाज आला, आणि नर्सनं मुकाट्यानं भांग बदलला. मिरजेच्या त्या रुग्णालयात याचं आता कुणाला नवल राहिलं नव्हतं.

शेजारी पाच नंबरवर माजी आमदार उदयराव करंबेळकर पडून होते. सकाळी आठला चहा पिता पिता त्यांच्या मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती काढायची तर दुपारी एकच्या आत, असं डॉक्टर खोत यांनी सांगितलं. उदयरावांच्या प्रतिमेनं नकार दिला.

"ज्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही, त्याचं ओझं दुसऱ्यांच्या खांद्यावर टाकण्याचा मला अधिकार नाही," पडदा ठणकावून म्हणाला.

प्रणिता तोडकरनं ते शब्द लगेच ओळखले. बावीस वर्षं ती उदयरावांची सचिव होती, आणि हे वाक्य तिनंच लिहिलेलं होतं. विट्याच्या सभेसाठी, तोट्यातल्या साखर कारखान्यांबद्दल.

कायदाही उदयरावांचाच. सरकारनं माणसाच्या जगण्यात नाक खुपसू नये, हे त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं, आणि स्वनिर्णय कायदा ही त्यातून उभी राहिलेली एकुलती एक गोष्ट. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्याबद्दल ना नातेवाइकांनी ठरवायचं, ना डॉक्टरांनी, ना सरकारनं. त्याची स्वतःची इच्छाप्रतिमा ठरवणार. ती घडवायला बंद खोलीत तीन दिवस एकट्यानं बसून चारशे प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. त्यांवरून यंत्र त्या माणसाची विचार करण्याची रीत शिकून घेई. उदयरावांनी मात्र नोंदणी अधिकाऱ्याला हसून सांगितलं होतं, "इतका वेळ कुणाला आहे? माझी भाषणं घाला की त्यात. मी काय वेगळं बोलणार आहे?" कायदा आणणाऱ्यालाच नाही कोण म्हणणार? प्रणितानंच सगळी भाषणं गोळा करून नेऊन दिली होती.

बाहेरच्या बाकावर दोघं बसले होते. एक पक्षाचे तालुकाध्यक्ष संजय माने, आणि दुसरे लतीफभाई मुजावर. लतीफभाईंनी तीस वर्षं प्रत्येक व्यासपीठावर उदयरावांना विरोध केला होता, आणि प्रत्येक सभेनंतर त्यांच्याबरोबर चहा प्यायला होता.

"हरकत घेता येते," प्रणिता म्हणाली. "भाषणं मी लिहिली असं शपथेवर सांगितलं, की प्रतिमा रद्द. मग सरकारी वैद्यकीय समिती ठरवते. ते ऑपरेशन करतीलच."

"सरकारी समिती?" मान्यांचा आवाज चढला. "मॅडम, ज्या माणसानं जन्मभर सरकारला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्याचा जीव सरकारच्या हातात देताय? साहेबांचीच प्रतिमा रद्द झाली, तर उद्या हा कायदाच कोर्टात उडेल. साहेब नाही म्हणालेत. आपल्याला पटो न पटो, ज्याचं त्यानं ठरवायचं, हेच शिकवलं त्यांनी आम्हाला." त्यांचे डोळे भरून आले होते. प्रणिताला त्यांचा राग आला नाही.

लतीफभाई चष्मा पुसत म्हणाले, "पुराच्या वर्षी हाच उदय सरकारी बोटीत बसून आमच्या गल्लीतली माणसं काढत होता. आदल्याच आठवड्यात भाषण ठोकलेलं, सरकारी बोटीची वाट बघत बसू नका म्हणून. मी म्हटलं, उदय, हे काय रे? तर म्हणतो, तत्त्व भाषणात, पाणी गल्लीत. आधी त्या म्हातारीला धर."

"मग सही करू म्हणता?"

"ते मी सांगणार नाही, ताई. या कायद्याविरुद्ध मी भांडलो, अजून भांडेन. पण त्याचं मी ठरवलं असं कळलं, तर उठून शिव्या घालील मला." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "उठला पाहिजे पण."

प्रणिता आत गेली. बारा वाजत आले होते. तिनं पडद्याला विचारलं, "साहेब, पुरात सरकारी बोटीत का बसलात?"

"अशी नोंद नाही. ते माझ्या तत्त्वात बसत नाही."

नोंद असणार कुठून? त्या पुराचं भाषणात घालू नकोस, असं त्यांनीच बजावलं होतं. आणि बाकीची काटछाट तिची. उदयराव मजकूर सांगताना "शक्यतो" म्हणत, "बहुतेक" म्हणत. ती ते शब्द खोडून टाकी, कारण "शक्यतो"ला टाळ्या पडत नाहीत. पडद्यातून बोलत होते ते सगळे "शक्यतो" गाळलेले साहेब होते, आणि ते तिनं घडवले होते. तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं उदयरावांचा डावा हात हातात घेतला, तर त्यानं तिची बोटं घट्ट धरली.

"ती नुसती प्रतिक्रियाही असू शकते," डॉक्टर खोत हळूच म्हणाल्या. "कायद्यात हाताची पकड धरत नाहीत."

बारा वाजून दहा मिनिटांनी प्रणितानं हरकतीवर सही केली. समितीनं पंधरा मिनिटांत होकार कळवला.

तीन आठवड्यांत बरंच काही झालं. कायद्याला आव्हान देणाऱ्या तीन याचिका दाखल झाल्या. मान्यांनी प्रणिताचा फोन घेणं बंद केलं. उदयराव तुटक बोलू लागले, आणि त्यांचं पहिलं धड वाक्य होतं, "कुणी ठरवलं?"

"मी," प्रणिता म्हणाली, आणि सगळं सांगितलं. ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी नवी प्रतिमा घडवायला नोंदणी कार्यालयातून प्रश्नावली आली; रुग्णांना ती अंथरुणावरच भरायची मुभा होती. पहिलाच प्रश्न होता: आपण शुद्धीवर नसताना आपला जीव वाचवावा का? खाली दोन चौकोन, होय आणि नाही. उदयरावांनी कागद सवयीनं तिच्याकडे सरकवला.

"नाही साहेब," तिनं पेन त्यांच्या चालत्या, डाव्या हातात दिलं. "या वेळी तुम्हीच."

पेन आधी एका चौकोनावर गेलं, मग दुसऱ्यावर, पण खूण कुठंच झाली नाही. मग त्यांनी मान वर केली आणि एकेक शब्द जुळवत विचारलं, "लतीफ... काय... म्हणतो?"

प्रणितानं प्रश्नावली पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळून पाहिली. चारशे प्रश्न होते, पण हे ठरवण्याआधी तुम्ही कुणाला विचाराल, असा प्रश्न त्यात कुठं होता?