न दिलेली संमती

ओळखदर्शकाची खुर्ची दातांच्या डॉक्टरकडे असते तशी होती. वरून लोंबणाऱ्या टोपात बासष्ट संवेदक बसवलेले होते. हेमांगी तांडेल खुर्चीशेजारी उभी होती. बसायला तिनं नकार दिला होता.

"दहा मिनिटांचं काम आहे," निरीक्षक चौगुले म्हणाले. "सुई नाही, औषध नाही. पडद्यावरची चित्रं बघायची. काही केलं नसेल तर जेवायला घरी असाल."

"वकील आल्याशिवाय मी बसणार नाही. आणि कशावर सहीही करणार नाही."

शिरवली बंदरात समुद्राचं पाणी गोडं करणारं केंद्र होतं. हेमांगी तिथे पंधरा वर्षं रसायनतज्ज्ञ होती. मंगळवारी दुपारी, तिच्या पाळीत, कुणीतरी तळघरातल्या खड्ड्यात उतरून एका झडपेचं सील तोडलं होतं. न गाळलेलं, रसायनं मिसळलेलं पाणी शहराच्या नळांना गेलं. त्रेचाळीस माणसं रुग्णालयात दाखल झाली आणि एक निवृत्त शिक्षिका दगावल्या. केंद्राचे मुख्य अभियंता प्रभुदेसाई यांनी फिर्याद दिली आणि त्यात पाळीप्रमुख म्हणून हेमांगीचं नाव घातलं.

काल चार वाजता अटक झाली तेव्हा तिनं अटकेचं कारण लेखी मागून घेतलं होतं आणि भावाला कळवायला लावलं होतं. तिच्या वडिलांना एकदा ट्रॉलरच्या भांडणात तीन दिवस चौकीत बसवून ठेवलं होतं. नोंद कुठेच नव्हती. ती तेव्हा कॉलेजात होती. अटक झालेल्या माणसाला काय काय मागता येतं, हे तिनं त्यानंतर शोधून शोधून वाचलं होतं.

अकराच्या सुमारास ॲडव्होकेट नाझिमा पारकर आल्या. विधी सेवेच्या मोफत वकिलांच्या यादीतून त्यांना नेमलं होतं. हेमांगीशी बाजूला दहा मिनिटं बोलून झाल्यावर त्या यंत्र चालवणाऱ्या डॉ. मैथिली रेगे यांच्याकडे वळल्या.

"डॉक्टर, हे नेमकं काय मोजतं?"

"ओळख," डॉ. रेगे म्हणाल्या. "आधी पाहिलेली वस्तू पुन्हा दिसली की तीन दशांश सेकंदात मेंदूत एक लहर उठते. आम्ही तिला ओळख-लहर म्हणतो. ती दाबता येत नाही. माणूस तोंडानं खोटं बोलेल, पण ही लहर उठणारच. आम्ही दहा झडपा, दहा दरवाजे, दहा हत्यारं दाखवतो. प्रत्येक दहांत एकच वस्तू गुन्ह्याच्या जागेवरची असते."

"म्हणजे माणसानं काय केलं ते कळत नाही. त्यानं काय पाहिलंय तेवढं कळतं."

"म्हणून तर एक गुप्त वस्तू ठेवतो. इथे खड्ड्यात सापडलेलं हत्यार आहे. ते सील करून ठेवलंय, कुणालाही दाखवलेलं नाही. ते फक्त गुन्हेगारच ओळखेल."

"तोंड बंद ठेवता येतं, मेंदू बंद ठेवता येत नाही," पारकर म्हणाल्या. "आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हे घटनेत लिहिलंय. तुमचं यंत्र त्याला न विचारता साक्ष काढून घेतं. तेव्हा संमती हवी. तीही न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, समजून-उमजून दिलेली. हेमांगीताई, तुमची संमती आहे?"

"नाही."

"कारण?" चौगुल्यांनी विचारलं.

"कारण सांगायला त्या बांधील नाहीत," पारकर म्हणाल्या. "आणि नकार दिला म्हणून त्या दोषी ठरत नाहीत. तसंच लिहून घ्या."

चौगुल्यांचा आवाज चढला. "केंद्राच्या ठेकेदाराचा पर्यवेक्षक घाग परवा स्वतःहून आला. बसला, दहा मिनिटांत मोकळा होऊन गेला. ज्याच्या मनात काही नाही तो असा वागतो. तिकडे त्या बाईंच्या घरी सुतक आहे आणि तुम्ही मला कलमं शिकवताय."

हेमांगीचा चेहरा उतरला. गेलेल्या बाईंनी तिला चौथीत शिकवलं होतं. पण ती खुर्चीकडे गेली नाही.

जबाबासाठी आलेले प्रभुदेसाई कोपऱ्यातून उठले. "मी बसतो," ते म्हणाले. "कळू दे सगळ्यांना, यात घाबरण्यासारखं काय आहे ते."

"तुम्हीही आधी वकिलाशी बोला," पारकर म्हणाल्या.

"मला गरज नाही." त्यांनी स्वतःच टोप ओढून घेतला.

चित्रं सुरू झाली. केंद्रातली झडप आली, तिथे लहर उठली. तळघराचा दरवाजा आला, तिथेही उठली. मुख्य अभियंत्याच्या बाबतीत ते होणारच होतं. मग हत्यारं आली. सातव्या चित्रात लाल मुठीची, एक जबडा तुटलेली पक्कड होती. पडद्यावरची रेघ सरळ वर गेली.

डॉ. रेग्यांनी चित्रं थांबवली. चौगुले प्रभुदेसाईंच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

"ही पक्कड तुम्ही कुठे पाहिलीत?"

प्रभुदेसाई घाईघाईनं टोप काढू लागले.

पारकरांनी हेमांगीचं मनगट धरलं. "काही बोलू नका," त्या हळूच म्हणाल्या. "हे आपल्या फायद्याचं आहे. आज संध्याकाळी सुटाल."

हेमांगीनं प्रभुदेसाईंकडे पाहिलं. या माणसानं काहीही न तपासता तिचं नाव दिलं होतं. तिनं हात सोडवून घेतला.

"मॅडम, गप्प राहायचा हक्क माझा आहे ना? मग बोलायचं कधी तेही मीच ठरवणार." ती चौगुल्यांकडे वळली. "साहेब, ती पक्कड मीही ओळखते. आमच्या दुरुस्तीखोलीतली आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा जबडा तुटला, नवी कुणी आणली नाही. पाळीतले एकतीसच्या एकतीस जण ती ओळखतात. मी टोप घातला असता तर माझीही रेघ अशीच वर गेली असती आणि मी जन्मभर आत बसले असते. आता यांना बसवाल. यांनी सील तोडलं असेल किंवा नसेल, पण ही रेघ ते सांगत नाही. त्यांना आधी वकील बोलावू द्या."

"साहेब, त्या पक्कडीवरचे ठसे कुणी घेतले?" पारकरांनी विचारलं.

चौगुल्यांनी डॉ. रेग्यांकडे पाहिलं आणि डॉ. रेग्यांनी चौगुल्यांकडे. ठसे घेतलेच नव्हते. यंत्र असताना त्यांची गरज कुणाला वाटली नव्हती.

चोवीस तास भरायच्या आत, साडेतीन वाजता, हेमांगीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं. तिचा नकार तिच्याच शब्दांत नोंदवला गेला. प्रभुदेसाईंची चाचणी, संमती नीट न घेतल्यामुळे, पुराव्यातून वगळली गेली. पक्कड ठशांच्या तपासणीला गेली आणि हेमांगी जामिनावर बाहेर आली. गावात पाच दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही. तिनं नळावर जाणं सोडलं नाही.

सहाव्या दिवशी ठसे जुळले. ते हेमांगीचे नव्हते, प्रभुदेसाईंचेही नव्हते. ते घागचे होते.

त्यानं वकिलासमक्ष कबुलीजबाब दिला. ठेकेदारानं बसवलेला गाळणी-पडदा फाटला होता आणि तपासणी तोंडावर आली होती. तपासणीत गाळलेल्या पाण्याचा आकडा कमी दिसू नये म्हणून त्यानं झडप उघडून न गाळलेलं पाणी पुढे सोडलं.

चौगुले तो जबाब घेऊन डॉ. रेग्यांच्या प्रयोगशाळेत गेले. "हा तुमच्या खुर्चीत बसून मोकळा झाला होता. यंत्र चुकलं कसं?"

डॉ. रेग्यांनी जबाब दोनदा वाचला. धोक्याची घंटा वाजू नये म्हणून घागनं आधी तळघराची वीज तोडली होती. मग अंधारात, दुरुस्तीखोलीतून न उघडताच उचलून आणलेल्या हत्यारांच्या पिशवीत चाचपून, हाताला लागलेल्या पक्कडीनं सील तोडलं होतं, आणि घाईत ती खाली पडली तेव्हा शोधलीही नव्हती.

"यंत्र चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "ती पक्कड त्यानं कधी पाहिलीच नव्हती."