दोनदा थोपटलं की बंद

हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी मला बजावलं आहे. त्यांना वाटतं, गप्प राहण्यातच माझं भलं आहे. पण ज्या गोष्टीसाठी ते मला पाठीशी घालतायत ती मी केलेलीच नाही. हे मी त्यांना सांगूही शकत नाही. बाबांना ऐकू येत नाही. ते समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखतात, आणि हा विषय निघाला की मान फिरवतात. मान फिरवली की संपलं.

म्हणून लिहिते आहे. तसंही मला चारचौघांत बोलता येत नाही. वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज फुटत नाही, म्हणून घरात मला सगळे चिमणी म्हणतात.

आमचं गॅरेज घराच्या खालीच आहे. वर आम्ही राहतो. गॅरेजच्या भिंतीला लागून लाकूड कापायचा कारखाना आहे आणि त्याची करवत सुरू झाली की आमची फरशी दिवसभर थरथरत राहते. कपात चहा ओतला तरी त्यावर बारीक वर्तुळं उठतात. त्यामुळे बाबांना गाडीला हात लावूनही कळत नाही की इंजिन चालू आहे की बंद. ते कळवायला त्यांच्या मागे कुणीतरी लागतं. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत ती मी असते.

आमची पद्धत अशी. बाबा बॉनेटखाली वाकले की मी त्यांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहात ठेवून उभी राहते. हात आहे तोवर इंजिन चालू. बंद झालं आणि पट्ट्याच्या पुल्या, म्हणजे पट्टा ज्यांवरून फिरतो ती चाकं, पूर्ण थांबल्या की मी दोनदा थोपटते. मगच ते आत हात घालतात. आवाजही मीच ऐकते. पट्टा चिवचिवला की पुल्या एका रेषेत नाहीत. लांब किंचाळला की सैल आहे. खालून घरघर आली तर बेअरिंग गेलेलं. मी बोटांनी खूण करते आणि बाबा पाना उचलतात. शाळेत मला काही येत असो नसो, हे येतं.

माझ्याआधी त्या जागेवर मोठे काका उभे राहायचे. बाबांचे सख्खे भाऊ. दोघांनी मिळूनच गॅरेज काढलं होतं. बाबांचे कान जसे गेले तसा काकांनी तगादा लावला, की तू आता घरी बस, बहिरा माणूस इंजिनात हात घालणार म्हणजे एक दिवस मलाच बोल लागणार. बाबा ऐकेनात. शेवटी एका सकाळी काका म्हणाले, "बघू तुझ्या पाठीवर कोण हात ठेवतं ते!" आणि गॅरेज सोडून गेले. जाताना दोघांनी मिळून उभी केलेली जुनी पांढरी गाडी घेऊन गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

गेल्या वर्षी काका त्याच गाडीत वारले. घरासमोर इंजिन चालू ठेवून ते स्टिअरिंगमागे बसले होते. पट्टा अख्खी दुपार किंचाळत राहिला. शेजाऱ्यांनी कानाला त्रास होतो म्हणून भांडायला काच वाजवली, तेव्हा कळलं. बाबा भेटायला गेले तर काकूंनी दार अर्धंच उघडलं आणि लावून घेतलं.

आणि मागच्या महिन्यात एका दुपारी त्याच काकू ती गाडी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. गाडी रस्त्याच्या वळणावर होती तेव्हापासूनच मला आवाज ऐकू येत होता. कारखान्यातल्या कामगारांनीही माना बाहेर काढल्या.

"भावोजी, तीन मेकॅनिक झाले," काकू म्हणाल्या. "सगळे पट्टे बदलले. आवाज जात नाही. शेजारी मला तोंडावर म्हणतात, तुमचे मिस्टर अजून ओरडतायत. तुम्हीच जोडलीत ना ही? मग तुम्हीच गप्प करा."

"वहिनी, बसा," बाबा म्हणाले. "जुनी गाडी आहे, कुरकुर करणारच."

काकू स्टुलावर बसल्या आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. म्हणजे बाबांना ओठ दिसू नयेत. मग हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भावाला घालवलं आणि पोरीला उभं केलंय जागेवर. शोभतं."

मी बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले.

बाबांनी गाडी चालू केली. त्या गाडीत पुढे दोन पट्टे आहेत. एक अल्टरनेटर फिरवतो, दुसरा स्टिअरिंगचा पंप. इंजिन आडवं असल्यामुळे पट्टे एका बाजूला, इंजिन आणि पत्रा यांच्यामधल्या अरुंद फटीत असतात. वरून डोकावलं तर नुसता काळोख दिसतो. हाताने चाचपूनच काम करावं लागतं.

मी पाठीवर हात ठेवला आणि ऐकलं. लांब, बारीक, दाताखाली खडा आल्यासारखा आवाज. सैल पट्ट्याचा वाटला. बाबांनी खात्रीसाठी पाणी फवारायची बाटली माझ्या हातात दिली. पट्ट्यावर पाणी मारल्यावर आवाज चढला तर पट्टा सैल. थोडा वेळ गप्प होऊन परत आला तर पुल्या वाकड्या. तिसरा प्रकार मी कधी पाहिला नव्हता. मी पाणी मारलं आणि आवाज चढलाही नाही, उतरलाही नाही. तसाच चालू राहिला. जसं काही त्याचं त्या पट्ट्यांशी देणंघेणंच नव्हतं.

मी बाबांना मान हलवून दाखवलं. "असं कसं होईल?" ते म्हणाले. गाडी बंद केली. मी थोपटलं. त्यांनी दोन्ही पट्टे काढून फरशीवर ठेवले. पट्ट्यांशिवाय इंजिन मिनिटभर चालवायला हरकत नसते. तेवढ्यात आवाज गेला तर दोष पट्ट्यांकडे किंवा ते ज्याला फिरवतात त्याच्याकडे.

इंजिन सुरू झालं.

आवाज होता.

मी बोट वर केलं. अजून आहे.

बाबा हसायला लागले. "चिमणे, दोन्ही पट्टे इथे लोळतायत माझ्या पायाशी. मग किंचाळतंय कोण? तुझी काकू?"

स्टुलावर बसलेल्या काकू हसल्या नाहीत. त्यांनी पदर गळ्याशी घट्ट धरला होता आणि त्या आमच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.

बाबांनी मला लांब स्क्रू ड्रायव्हर दिला. त्याचं टोक यंत्रावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की आतलं सगळं ऐकू येतं. मी अल्टरनेटरवर टेकवला. शांत. पंपावर टेकवला. शांत. इंजिनवर नुसती धडधड. मी कानापासून मूठ काढली आणि आवाज परत आला. मग मी डोळे मिटून फक्त कुठून येतोय तेवढं ऐकलं.

तो गाडीतून येत नव्हता. मी गाडीच्या डाव्या बाजूला होते, बाबा समोर वाकलेले. आवाज बाबांच्या पाठीमागून येत होता... जिथे मी एरवी उभी असते तिथून. माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून.

मी डोळे उघडले. तिथे कुणी नव्हतं. फक्त लाकडाचा भुसा जळल्यासारखा वास आला. गरम रबराचा असावा, असं मी स्वतःला सांगितलं.

बाबांना हे कसं सांगायचं? कुठल्या बोटाने खूण करायची? मी म्हटलं, कळत नाही. ते म्हणाले, "बरं. नवीन पट्टे घालून ताण बघतो, मग उद्या बघू." मला खरं तर म्हणायचं होतं, उद्या नको, कधीच नको, गाडी परत द्या.

नवीन पट्टे बसले. गाडी थोडा वेळ चालवली. आवाज कमी व्हायच्या ऐवजी आता त्यात काहीतरी घाई आली होती. बाबांनी हाताने खूण केली, बंद कर. मी त्यांच्या पाठीवरचा हात काढला आणि किल्ली फिरवायला गाडीत जाऊन बसले. नेहमी असंच करते. गाडी बंद करायची, उतरायचं, मागे जाऊन थोपटायचं. मी येऊन थोपटेपर्यंत बाबा हलत नाहीत. एवढ्या वर्षांत एकदासुद्धा हलले नाहीत.

मी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं नाही. मी किल्ली काढली. माझ्या मुठीत होती ती, अजून ऊबदार... आणि इंजिन चालूच होतं.

बॉनेट उघडं असलं की काचेतून पलीकडचं दिसत नाही. खाली एक बारीक फट राहते तेवढीच. त्या फटीतून मला बाबांचा खांदा आणि शर्टाचा पाठीवरचा भाग दिसत होता. मी ओरडणार होते. ऐकू येत नाही हे माहीत असूनही.

तेवढ्यात पाठीवरचा शर्ट दबला. मग परत दबला. सावकाश, दोनदा.

आणि बाबांनी हात आत घातला.

त्याच क्षणी तो आवाज थांबला. दुपारपासून पहिल्यांदा गॅरेजमध्ये नुसती इंजिनची धडधड उरली, आणि मग बाबा ओरडले.

दोन बोटं गेली. उजव्या हाताची. बाकीचा हात डॉक्टरांनी वाचवला.

हॉस्पिटलमध्ये काकूंनी आईला माझ्यादेखत सांगितलं, "मी तिथेच होते ना. पोरीने थोपटलं, म्हणून त्यांनी हात घातला." आईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी लिहिणार नाही. बाबांनी डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना सांगितलं की चूक त्यांची स्वतःचीच होती, त्यांनीच घाई केली. आणि मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "तू थोपटलंस ते कुणाला सांगायचं नाही. झालं ते झालं. विसर." मी म्हटलं, बाबा, मी नव्हते. त्यांनी मान फिरवली. त्यांच्याशी बोलायला उशाशी ठेवलेल्या पाटीवर मी खडूने लिहिलं, *मी नव्हते*. त्यांनी डाव्या हाताने ते पुसून टाकलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी मला माफ केलं होतं. त्याहून वाईट काही नसतं.

संध्याकाळी हॉस्पिटलबाहेरच्या बाकावर काकू एकट्या बसल्या होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर जाऊन स्वतःहून उभी राहिले.

"काकू, मी गाडीत होते. तुम्ही बघितलं होतंत."

"बघितलं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. बऱ्याच दिवसांनी झोप मिळालेल्या माणसासारख्या त्या दिसत होत्या.

"मग तुम्ही माझं नाव का घेतलंत?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. "वर्षभर माझ्या पाठीवर होता तो हात," त्या म्हणाल्या. "स्वयंपाक करताना. जिना उतरताना... कुणाला सांगितलं की जड व्हायचा. आता तुमच्याकडे राहू दे."

आणि उठून गेल्या. त्यांना पाठीत बाक होता, हे मला त्या ताठ चालत गेल्या तेव्हा कळलं.

गाडी न्यायला त्या आल्या नाहीत. फोन उचलत नाहीत. पांढरी गाडी अजून खाली गॅरेजमध्ये उभी आहे.

बाबा मागच्या आठवड्यात कामाला लागले. डाव्या हाताने पाना धरायला शिकतायत. म्हणतात, आधी हिलाच गप्प करतो, मग दुसऱ्या गाड्या. आई म्हणाली, विकून टाका भंगारात. बाबा म्हणाले, "दादाची आहे." मी त्या दिवसापासून गॅरेजमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. शाळेतून येते ती मागच्या जिन्याने सरळ वर. मला वाटलं, बाबा समजून घेतायत, म्हणून काही बोलत नाहीत.

काल जेवताना ते आईला म्हणाले, "पोरगी धीट झाली हं. आधी हात थरथरायचा हिचा. आता कसा घट्ट ठेवते."

आई माझ्याकडे बघून हसली. अपघातानंतर पहिल्यांदाच हसली. मी बाबांचा हात हलवला, त्यांना माझ्याकडे बघायला लावलं आणि म्हटलं, बाबा, मी खाली येतच नाही. त्यांनी माझे ओठ पूर्ण वाचले. मग चेहरा पडला त्यांचा, आणि त्यांनी मान फिरवली. त्यांना वाटलं, मी अजून तेच नाकारते आहे.

म्हणून आज हे सगळं लिहून त्यांच्या ताटाशेजारी ठेवणार आहे. लिहिलेल्यावरून त्यांना मान फिरवता येईल, पण कधीतरी परत वळून वाचतील. त्यांचा एकच चांगला हात उरला आहे आणि तो कधी आत घालायचा हे त्यांना दुसरंच कुणीतरी सांगतंय.

खाली आत्ताच गाडी सुरू झाली. कारखान्याला सुट्टी आहे, त्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू येतंय. किंचाळणं नाही आज. गाडी अगदी गुळगुळीत चालली आहे. मी एवढा चांगला आवाज त्या इंजिनचा कधी ऐकला नव्हता...

बाबा ओरडतायत. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, मोठ्याने.

"चिमणे, एकच हात ठेव! दोन्ही कशाला? रेटू नकोस अशी!"

आता आई स्वयंपाकघरातून हाक मारते आहे, "चिमणे, अगं बाबा काय म्हणतायत? ऐक जरा त्यांचं!" तिलाही वाटतंय मी खालीच आहे. मी जाते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहते, म्हणजे त्यांना मी दिसेन, आणि मग त्यांना कळेल की मागे