वॉर्ड नऊचे वाचक

रविवारी सकाळी भाची आली ती एका साध्या कामासाठी. आत्याच्या वेबसाइटवर, किती लोक वाचून जातात ते दाखवणारा आकडा बसवायचा होता. दहा मिनिटांचं काम आहे असं ती म्हणाली होती, आणि चहा थंड व्हायच्या आत ते झालंही.

आत्याला भाची सोडून अख्खी गल्ली सिस्टर म्हणायची. इस्पितळातली नोकरी संपून चार वर्षं झाली होती, पण कुणाला चक्कर आली, कुणाचा पाय मुरगळला की पहिली हाक सिस्टरांनाच. दोन खोल्यांचं घर, खिडकीजवळ टेबल, टेबलावर भाचीनेच वापरून दिलेला कॉम्प्युटर. वेबसाइट म्हणजे तरी काय, एकच लांबलचक पान. सिस्टरांनी ते एकेका बोटाने टाइप करून लिहिलं होतं.

"हे बघ आत्या. पानाच्या तळाशी दोन आकडे दिसतील. वरचा, आजवर किती जण येऊन गेले त्याचा. खालचा, आत्ता या क्षणी किती जण पान उघडून बसलेत त्याचा. तू उघडलंस तर ते मोजलं जाणार नाही. कॉम्प्युटरवरून नाही आणि फोनवरूनही नाही."

"बरं केलंस. उगाच माझीच मला शाबासकी नको."

"पण शून्य दिसलं तर रागवायचं नाही हं."

"शून्याचा कसला राग," सिस्टर म्हणाल्या. "मला राग आहे तो अकराचा."

भाचीने चहाचा कप उचलला. त्या अकराबद्दल तिने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते आता तिलाही पाठ झालं होतं.

ते पान त्याबद्दलच होतं. वॉर्ड नऊ, दुसरा मजला, वीस खाटा, वीसही भरलेल्या. एके दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी भिंतीतल्या नळीतून येणारा ऑक्सिजन बंद पडला. त्या नळ्यांचा एक बारीक आवाज असतो, झोपलेल्या माणसाच्या दातांतून हवा जावी तसा. तो दिवसभर कानात असतो आणि ऐकू येत नाही. थांबला की मात्र ऐकू येतो. वॉर्डात नर्स म्हणून सिस्टर एकट्याच होत्या. त्यांनी खाली स्टोअरला फोन केला. जादा सिलिंडर होते, पण खोलीला कुलूप होतं आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो स्टोअरकीपर जेवायला म्हणून गेलेला. अधीक्षकांचा फोन कुणी उचलला नाही. तीन बावन्नला पुरवठा पुन्हा सुरू झाला, तेव्हा अकरा खाटांवरची माणसं गेली होती.

आणि बारावी होती मावशी. वॉर्ड झाडणारी, पुसणारी, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवणारी बाई. तिने कुलूप दगडाने फोडलं, सिलिंडर गाडीवर चढवला आणि स्ट्रेचर न्यायच्या उतारावरून दोन मजले एकटीने ढकलत वर आणला. वॉर्डाच्या दारात गाडी सोडली आणि ती तिथेच बसली. सिस्टर तो सिलिंडर जोडत होत्या. वळून बघेपर्यंत मावशीचा श्वास थांबला होता.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं होतं, पुरवठा काही मिनिटं खंडित, अकरा रुग्णांचा मूळ आजारामुळे मृत्यू. मावशीचं नावही नव्हतं. ती कंत्राटदाराची माणूस, तिची पाळी दोनला संपली होती, तेव्हा ती तिथे असण्याचा प्रश्नच येत नाही, असं अधीक्षकांनी शांतपणे सांगितलं. "अहो, मी तिचे डोळे मिटलेत," असं सिस्टर म्हणाल्या, तर ते म्हणाले की तुम्ही त्या दिवशी मनाने थकला होतात.

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती कधी खाली उतरलीच नाही. त्यांनी अहवालावर सही केली नाही. त्यांची बदली झाली, बढती राहिली, अर्जांवर अर्ज गेले आणि सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. निवृत्तीनंतर त्यांनी हे पान लिहिलं. शेवटी एक यादी होती, एक ते बारा. अकरांपुढे नावं होती. बाराव्या ओळीत नुसतं 'मावशी'. तेवीस वर्षं बरोबर काम केलं आणि तिचं नाव आपण कधी विचारलं नाही, याबद्दल सिस्टरांना स्वतःचीच चीड होती. ती त्या कुणाला सांगत नसत.

आकडा बसवल्यावर दोन दिवस तळाशी शून्य होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर निवडायचे तांदूळ घेऊन टेबलाशी बसल्या होत्या. सहज नजर गेली. आत्ता पानावर, बारा.

एक नाही, दोन नाही, एकदम बारा. बराच वेळ तो आकडा हलला नाही. मग जसा आला तसा गेला. सिस्टरांनी घड्याळ पाहिलं. चार वाजायला आठ मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी त्या आधीपासूनच बसून राहिल्या. तीन दहाला बारा. तीन बावन्नला शून्य. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "एखादा आपोआप चालणारा प्रोग्राम असेल आत्या. असले फिरत असतात."

"प्रोग्रामला माझी वेळ कुणी सांगितली?"

"तू पानावर लिहिलीच आहेस की."

हे ऐकलं आणि सिस्टरांना सगळं लख्ख दिसलं. इस्पितळाच्या ऑफिसातले लोक. बसले असतील रोज दुपारी पान उघडून, बाई नवीन काय लिहिते ते बघायला. वर बरोबर त्याच वेळी, बरोबर बारा जण, म्हणजे चेष्टा. इतक्या वर्षांत एका कागदाला उत्तर दिलं नाही आणि आता पाळत ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाचं ताट अर्ध्यावरच बाजूला सारलं, साडी बदलली आणि बस पकडली.

इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात एक क्लार्क होता. तिशीचा, सभ्य, नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली. सिस्टरांनी बसायच्या आधीच सुरुवात केली.

"तुमच्या ऑफिसातले बारा जण रोज माझं पान उघडतात. उघडा, त्यासाठीच लिहिलंय. पण चोरून कशाला? ज्याला बोलायचंय त्याने समोर येऊन बोलावं."

"सिस्टर," तो म्हणाला, "आम्ही ऑफिसात मिळून पाच जण आहोत. आणि दुपारी ऑफिसचं नेट चालत नाही."

"मग कोण आहेत ते?"

त्याने त्यांच्या फोनवर पान वाचायला घेतलं. सावकाश, ओळ न ओळ वाचलं. खाली यादीपाशी आल्यावर त्याने फोन टेबलावर ठेवला.

"वॉर्ड नऊमध्ये आता मोडक्या खाटा ठेवतात," तो म्हणाला. "किल्ली माझ्याकडेच असते. पण दुपारचा मी तिकडे जात नाही."

"का?"

"असंच."

"असंच म्हणजे काय? नीट बोला."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजले होते. सिस्टरांनी हात पुढे केला. "किल्ली द्या. मी जाऊन येते. तेवीस वर्षं त्या दारातून ये-जा केलीय, मला वाट दाखवायला नको." तेव्हा तो नाइलाजाने उठला आणि बरोबर निघाला.

कुलूप गंजलं होतं. दार उघडताच बंद खोलीचा उबट वास आला, धूळ, जुना रेक्झिन, उंदीर. आणि त्या सगळ्याच्या खाली फिनेलचा, ताज्या फिनेलचा, आत्ताच कुणी फरशी पुसल्यासारखा. खाटा एकावर एक रचलेल्या होत्या. खिडक्यांना आतून कागद चिकटवलेला, त्यातून पिवळा उजेड येत होता. दुपार असूनही कोपऱ्यांत अंधार होता.

सिस्टर थांबल्या. भिंतीकडून तो बारीक आवाज येत होता.

"ह्या नळ्या चालू आहेत?" त्यांनी विचारलं.

"नाही..." क्लार्क म्हणाला. "केव्हाच कापल्यात. ते बघा, तोंडं बंद केलीत."

आवाज येतच होता. संथ, सारखा. मग तो थांबला.

असा थांबला की दोघांच्याही कानांत पोकळी झाली. सिस्टरांनी फोन वर धरला. तीन दहा. आत्ता पानावर, बारा.

"सिस्टर... आपण जाऊ या."

"थांबा."

"हे ऐकू येतंय का तुम्हाला... उतारावर..."

येत होतं. खालून, लांबून, चाकांचा आवाज. लोखंडी गाडीची छोटी चाकं, हातभर वर येणारी, थांबणारी, पुन्हा हातभर वर येणारी. मधे कुणाची तरी धाप. क्लार्कचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. सिस्टर दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. संताप त्यांच्या आवाजात मावत नव्हता.

"ऐकून घ्या," त्या हळू पण एकेक शब्द तोडत म्हणाल्या. "नीट ऐका. ही ती. तुमच्या कागदांत जी नव्हतीच, ती. रोज बेचाळीस मिनिटं चढते आहे. मी नाही जाणार इथून, आणि तुम्हीही जायचं नाही."

ते दोघे बेचाळीस मिनिटं उभे राहिले. चाकं दुसऱ्या मजल्यावर आली, बोळातून आली, दाराच्या चौकटीपर्यंत आली. तिथे काहीच दिसलं नाही. फक्त फिनेलचा वास दाट झाला, आणि काहीतरी जड, सैल, भिंतीला टेकून खाली बसावं असा आवाज झाला. मग भिंतीतल्या नळ्या पुन्हा वाजू लागल्या. फोनवर शून्य आलं.

क्लार्क कुलूप लावायचं विसरून खाली गेला. रेकॉर्डच्या खोलीत त्याने शिडी लावली, सगळ्यात वरच्या फळीवरचे गठ्ठे उतरवले आणि तासभर शोधत बसला. कंत्राटदाराच्या हजेरीचे कागद तिथे पडून होते. कुणी मागितले नव्हते म्हणून कुणी उघडले नव्हते. त्या तारखेचा कागद त्याने सिस्टरांपुढे ठेवला. आल्याची वेळ सात, शेजारी अंगठा. गेल्याची वेळ कोरी. पाळी दोनला संपली हे खोटं होतं, ते अधीक्षकांना एक गठ्ठा उतरवून कळलं असतं.

आणि डाव्या बाजूला मावशीचं नाव होतं. सिस्टरांनी ते तीनदा वाचलं.

"मी शिक्का मारून प्रत देतो," क्लार्क म्हणाला. "माझी नोकरी गेली तरी चालेल."

नोकरी गेली नाही. तो कागद घेऊन सिस्टर वरपर्यंत गेल्या, ज्या दारातून बाहेर काढलं त्याच दारात पुन्हा उभ्या राहिल्या, आणि कोऱ्या रकान्यापुढे कुणालाही वेळ मारून नेता येईना. अडीच महिन्यांनी पत्र आलं. अहवालात दुरुस्ती करण्यात येत असून मृतांची संख्या बारा अशी वाचावी. खेद नाही, क्षमा नाही, दोन ओळी. सिस्टर त्या दोन ओळींवरही चिडल्या. पण संध्याकाळी त्यांनी यादीतल्या बाराव्या ओळीतलं 'मावशी' पुसून तिथे पूर्ण नाव लिहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडल्या.

आता ते येणार नाहीत, असं त्यांना वाटलं. का यावं? झालं होतं ना मनासारखं.

दुसऱ्या दिवशी तीन दहाला त्या टेबलाशी बसल्या. आत्ता पानावर, तेरा.

आधी त्यांना रागच आला. यंत्र बिघडलं, भाचीने काहीतरी अर्धवट करून ठेवलं. त्यांनी पान बंद करून उघडलं. तेरा. कॉम्प्युटर बंद करून फोनवर पाहिलं. तेरा. मग त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

त्यांनी डोळे मिटले आणि वॉर्ड आठवला. पहिली खाट, दुसरी, तिसरी. कोण वाचलं, कोण गेलं. वीस खाटांचे वीस चेहरे त्यांना रोजच आठवत, आजही आठवले. नऊ वाचले, अकरा गेले, दारात मावशी. भेटीची वेळ चारची, नातेवाईक आत नव्हते. मग खिडकीशी कुणी होतं का? बाथरूमकडे? त्या इकडून तिकडे धावत होत्या तेव्हा कुणी त्यांचा पदर धरला होता का... धरला होता का? आणि आपण सोडवून घेतला?

तीन बावन्न झाले. बारा जण गेले. खालच्या आकड्यात एक उरला.

उजेड कलला, शेजारी कुकरची शिट्टी झाली, रस्त्यावरचे दिवे लागले. एक होताच. सिस्टरांनी शेवटी भाचीला फोन लावला.

"आत्या, थांब हं. माझ्याकडच्या स्क्रीनवर, वाचणारा पानाच्या कुठल्या भागावर आहे तेही दिसतं." पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला.

"दिसलं?"

"हो... आत्या, तो वाचत नाहीये. दुपारपासून एकाच जागी थांबलाय."

"कुठे?"

"यादीच्या खाली. बाराव्या नावानंतरच्या कोऱ्या जागेत."