गालातली गोटमार

गायत्रीचा कशावर चटकन विश्वास बसत नसे. पांढुर्ण्यात पॅथॉलॉजीची लॅब चालवायची तर तो बसूनही भागत नाही. पण भैय्याजींच्या गालातल्या तुकड्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताना तिनं मनातल्या मनात देव आठवला, हे खरं. सावरगावच्या या माणसानं तिला पहिलीपासून सायकल रिक्षात बसवून शाळेत नेलं होतं, आणि जन्मभर गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवला होता. आता त्याच गालात गाठ होती.

गाठ कॅन्सरचीच निघाली. त्यात नवल नव्हतं. गायत्री पाहत होती ते गाठीच्या आजूबाजूचं. रोगाशी लढणाऱ्या पेशी गाठीत घुसल्या असल्या की माणूस तगण्याची आशा जास्त. बाहेरच थांबल्या तर कमी. इथे त्या निळ्या ठिपक्यांसारख्या काठावर दाटीनं उभ्या होत्या. आत एकही नाही.

दुपारी भैय्याजी रिपोर्ट न्यायला आले, सोबत बायको मंगलाबाई. गायत्री काही सांगणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "पोरी, गालात लय गर्दी जमून राह्यली व. सारे काठावर उभे. आत कोणीच जाऊन नाही राह्यलं."

"कोण सारे?"

"मले काय माहीत? पोळ्याच्या गोटमारीले एकमेकाईवर गोटे फेकाले नदीवर उभे राह्यतात ना पांढुर्णा-सावरगावचे, तसे. बोंबलून राह्यले नुसते."

मंगलाबाईंनी कपाळाला हात लावला. "सकाळपासून हेच चालू हाय यायचं. डोकं उठवलं माह्यं."

गायत्री हसली. गाठीमुळे कानात आवाज येतात म्हणाली, आणि नागपूरच्या ऑपरेशनची चिठ्ठी हातात दिली. पण काचेवर काय दिसतं हे यांना सांगितलं कुणी, ते काही तिला उमगेना.

दोन-तीन दिवसांनी भैय्याजींचा फोन आला. "शिरले बाप्पा! आत शिरले. काय गोटे फेकून राह्यले, पाह्य!"

तिनं तीच काच पुन्हा काढली. खरं तर सगळा वेड्यांचा बाजार. काचेवरच्या पेशी कधीच्या मेलेल्या, रंगवून चिकटवलेल्या. त्या हलतील कशा?

हलल्या होत्या. काठ मोकळा पडला होता आणि निळे ठिपके गाठीत पसरले होते. काच तीच, वरचं नावही तिच्याच हातचं. पहिल्या दिवशी काढलेल्या काचेच्या फोटोत मात्र गर्दी अजून काठावरच होती.

भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. आत शिरल्या, म्हणजे म्हातारा जगणार! शास्त्र गेलं चुलीत. तिनं मंगलाबाईंना फोन करून "लक्षण चांगलं आहे, मावशी" असं सांगूनसुद्धा टाकलं.

पुढच्या आठवड्यात दोघं पेढे घेऊन आली. नागपूरला गेलीच नव्हती.

"दुखणंच गेलं यायचं," मंगलाबाई म्हणाल्या. "तूच म्हणाली ना चांगलं हाय म्हणून?"

गायत्रीनं हातातला पेढा खाली ठेवला. "भैय्याजी, ते आतले... अजून मारताहेत ना?"

"आता काहून मारतीन व?" भैय्याजी समाधानानं हसले. "गोटमार संपली का दोन्ही गावचे आपलेच. सोयरे ना सारे. बसले एका जागी."

ती आत गेली. काच लावली.

गाठ काचभर झाली होती. निळे ठिपके तिच्या पेशींना खेटून बसले होते, आणि काठ असा कुठे उरलाच नव्हता. आत शिरूनही न लढणाऱ्या पेशी असतात, हे ती शिकली होती. आनंदाच्या भरात विसरली.

"आजच नागपूरला निघायचं," बाहेर येऊन ती म्हणाली. आवाज चढला होता. "आ करा."

भैय्याजींनी आ केला. तिनं टॉर्च धरला.

आतून कुजबुज येत होती. पंगत बसल्यासारखी, बऱ्याच माणसांची.

ती पुढे वाकली, तशी कुजबुज थांबली.

भैय्याजींची जीभ हलली नव्हती. तरी कुणीतरी हळूच म्हणालं, "सरका. पोरीले जागा द्या."