‘इथपर्यंत’ची पाटी

कपाट भिंतीपासून सुटलं आणि टकळी चक्क गप्प झाली.

सुट्टीत मामाकडे आलेली ही तीन भावंडं. थोरलीच्या तोंडाला विश्रांती नसे, म्हणून ती टकळी. मधला चष्मा. आणि हे दोघं जातील तिथं मागोमाग येणारा धाकटा शेपूट. चक्रीवादळ उद्या किनाऱ्याला लागणार, अशी सूचना सकाळीच आली होती. सगळं गाव बांधाबांध करत होतं. हे तिघं पोस्टातल्या टपालाच्या पिशव्या माडीवर न्यायला मदत करत होते. जिन्याच्या मधल्या टप्प्यावरचं कपाट आडवं येत होतं, म्हणून त्यांनी ते ढकललं होतं.

कपाटामागच्या भिंतीवर, टकळीच्या कमरेइतक्या उंचीवर, एक आडवी रेघ कोरलेली होती. रेघेखालचा गिलावा तपकिरी आणि फुगलेला होता, वरचा साफ. रेघेवर खिळ्यानं एकच शब्द ओढला होता: ‘पाणी’.

पोस्टमास्तरांनी त्या शब्दावरून बोट फिरवलं. मग त्यांनी पणजोबांकडून घरात चालत आलेली हकिगत सांगितली. पणजोबांच्या काळातल्या त्या मोठ्या वादळात माणसं लाटांनी मेली नव्हती. समुद्र खाडीच्या बाजूनं आत शिरला आणि भांडं भरावं तसं गाव भरत गेलं. माणसं टेबलांवर चढली, मग माळ्यांवर, मग छपरांवर. उजाडलं तेव्हा निम्मं गाव जागेवर नव्हतं. एक पोस्टमन पोस्टाच्या जिन्यावर बसून वाचला आणि त्यानं पाण्याची खूण करून ठेवली, असं म्हणत. ती कुठे आहे, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

“पण पाटी तर खाली आहे,” शेपूट खिडकीतून बघत म्हणाला.

समोर, रस्त्यापलीकडे, बर्फाचा कारखाना होता. त्याच्या भिंतीवर माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी संगमरवरी पाटी होती: ‘त्या वर्षी पाणी इथपर्यंत आलं होतं’. कारखान्याचा वरचा मजला त्या पाटीच्या पुष्कळ वर. म्हणूनच नगरपालिकेत इंजिनियर असलेल्या मामानं बंदरावरच्या सगळ्या लोकांना तिथं हलवायचं ठरवलं होतं. मामी आणि तान्हं बाळसुद्धा तिथंच जाणार होतं. गाद्या घालून झाल्या होत्या.

“दोन्ही खुणा एकाच पाण्याच्या. मग एक इतकी वर कशी?” टकळीला पुन्हा वाचा फुटली.

“रस्ता उतरता आहे,” चष्मा म्हणाला. “नजरेवर जाऊ नकोस.”

“मग कशावर जाऊ?”

“पाण्यावर.”

दाराशी वाळूची पोती रचणाऱ्या गवंडीकाकांकडे पारदर्शक नळीचं लांबलचक भेंडोळं होतं. भिंतीची उंची सारखी आहे का, हे बघायला गवंडी ती वापरतात. नळीत पाणी भरायचं. दोन टोकं कितीही लांब असोत, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला उभं राहतं. फक्त आत बुडबुडा राहता कामा नये. काकांनी नळीवर टिचक्या मारून शेवटचा बुडबुडा काढून दिला.

बाहेर वारा अजून पडलेलाच होता. बंदरावर लाटा येत होत्या, पण एका लाटेनंतर दुसरी यायला उगाचच फार वेळ लागत होता. जणू समुद्र श्वास रोखून पाहत होता.

चष्मा एक टोक रेघेशी धरून जिन्यावर थांबला, शेजारी पोस्टमास्तर पाण्याचा तांब्या घेऊन. दुसरं टोक अंगठ्यानं दाबून टकळी रस्ता ओलांडून गेली, मागोमाग शेपूट. मामा पाटीखालीच उभा राहून गाद्या आत पाठवत होता. शाळेचे प्रयोग आजच सुचले का, म्हणून त्यानं दोघांना झापलं. तरी कटकट मिटावी म्हणून टोक हातात घेतलं आणि पाटीला लावलं.

“सोड अंगठा,” तो म्हणाला. “पाणी इथंच राहील बघ.”

टकळीनं अंगठा काढला. पाणी भसकन उसळलं आणि मामाच्या बाहीतून थेट काखेत गेलं.

गाद्या उचलणारे हसले. मामा हसला नाही. त्यानं टोक डोक्यावर धरलं, तरी पाणी वाहतच होतं.

नळी पुन्हा भरून टोक वरच्या मजल्यावर, खिडकीतून आत घेतलं. मामा गाद्यांच्या मधोमध उभा राहिला आणि टोक हळूहळू वर नेऊ लागला. गुडघे. कंबर. समोरच्या जिन्यातून चष्मा ओरडला, “रेघेवर आलं!” इकडे नळीतलं पाणी हललं, डुललं आणि स्थिर झालं. मामाच्या छातीशी.

त्याच्या पायाशी बाळाची दुपटी घडी करून ठेवली होती.

“मामा, ही भोकं कसली?” खिडकीबाहेर वाकलेल्या शेपटानं विचारलं. बाहेरच्या भिंतीवर, नळीतल्या पाण्याच्याच उंचीला, सिमेंटनं बुजवलेली चार भोकं होती. पाटीच्या चार खिळ्यांची.

खाली गाद्या उचलणाऱ्यांत ही भिंत रंगवणारा रंगारी उभा होता. त्याला विचारलं, तर तो सहज म्हणाला, “साहेब, तुम्हीच नाही का सांगितलं? रंगकामाच्या वेळी? एवढ्या उंचावरची पाटी कुणाला वाचता येत नाही, खाली घे म्हणून.”

मामाचा चेहरा उतरला. “मी अक्षरांचा विचार केला,” तो हळूच म्हणाला. “‘इथपर्यंत’चा केला नाही.” मग तो जिना उतरून धावत सुटला.

अंधार पडायच्या आत सगळी माणसं टेकडीवरच्या शाळेत पोचली. वादळ रात्रभर छपराशी झोंबत होतं. पहाटेपूर्वी खालच्या अंधारातून एक लांबलचक घरघर आली, आणि मामीनं बाळाला पोटाशी घट्ट धरलं.

दोन दिवसांनी पाणी ओसरलं. बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर चिखल साचला होता आणि एक गादी पंख्याच्या पात्यावर लटकत होती. गाव मोडलं होतं. माणसं मात्र सगळी मोजून भरली.

रंगाऱ्यानं पाटी पुन्हा वर, त्या चार भोकांवर ठोकली. पुन्हा वाचता येणार नाही, मान दुखेल, अशी कुणीतरी कुरकुर केली.

“दुखू दे,” मामा म्हणाला. त्यानं शेपटाला खांद्यावर घेतलं आणि उरलेल्या दोघांना पुढे केलं. “आणि शंका असेल तर या तिघांना विचारा. फक्त येताना बाही दुमडून या.”