सगळ्यात स्वच्छ तेवढी ठेव

रविवारी दादा धाकटीकडे आला तो कॉम्प्युटर बघायला. काम साधंच होतं. बाबांच्या गाण्यांनी डिस्क गच्च भरली होती आणि यंत्र धापा टाकत होतं. दुहेरी फायली काढून टाकतो म्हणाला, खुर्चीत बसला, आणि चहा निवायच्या आत तेरा हजार फायली पुसून, वर कचरापेटीही रिकामी करून निघूनसुद्धा गेला. विचारायचं कुणाला? घरातला मोठा ना तो!

आता या दुहेरी फायली म्हणजे काय, तेही ऐका. नोकरी संपल्यावर बाबांनी वीस वर्षं आपल्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवल्या. सुई बदलली की तीच गाणी पुन्हा. माइक बदलला की पुन्हा. आणि दर वेळी गाण्याआधी माइकपाशी खाकरून वार, वेळ आणि घरची हालहवाल सांगायची त्यांना सवय होती. 'आज मंगळवार, सकाळचे अकरा. धाकटीला ताप आहे. रेकॉर्डवर मधे ओरखडा आहे.' मग गाणं. गेल्या वर्षी बाबा गेले, तेव्हापासून धाकटी रोज एक फाईल उघडायची आणि गाणं सुरू झालं की बंद करायची. गाण्याशी तिला काय देणंघेणं होतं?

शहाण्याने काय करावं? इंटरनेटवरून त्याच गाण्यांच्या गुळगुळीत प्रती घरूनच उतरवून आणल्या होत्या, त्या यंत्रात टाकल्या आणि प्रोग्रामला सांगितलं, सगळ्यात स्वच्छ तेवढी ठेव. प्रोग्रामने इमानदारीत बाबांचं खाकरणं घाण ठरवलं.

धाकटी शिकवायची त्या शाळेला सोमवारी सुट्टी होती. दुपारी तिने पहिली फाईल उघडली, सरळ गाणं. दुसरी, तिसरी, दहावी... सरळ गाणं. तिच्या अंगाची लाहीलाही झाली. तिने दादाला फोन लावला. गाणं तेच आहे ना, मग काय बिघडलं, असं तो जांभई देत म्हणाला. उलट आता खरखर नाही.

"तू बाबांना पुसलंस, दादा."

"उगाच नाटकं करू नकोस. जेवून पडलोय जरा." त्याने फोन ठेवला.

काय मोठी सफाई केलीय ते बघूच, म्हणून तिने तोच प्रोग्राम पुन्हा चालवला. एकही जोडी सापडायला नको होती. एक सापडली. दुसरी प्रत आजची होती, दोन चाळीसची. तिने कानाला हेडफोन लावले.

कुणीतरी खाकरलं.

"आज सोमवार, दुपारचे दोन चाळीस. धाकटी फोनवर भांडतेय, तिचा आवाज येईल मागे."

आणि खरंच येत होता. गाण्याच्या मागे, दारापलीकडून आल्यासारखा, तिचा स्वतःचा आवाज. खोलीत स्पिरिटचा वास सुटला होता. बाबा सुई पुसायचे त्या स्पिरिटचा. बाटली तर तिने केव्हाच टाकून दिली होती. तिला भीती वाटायला हवी होती, पण ती रडली, आणि ते रडणं आनंदाचं होतं.

तिने पुन्हा प्रोग्राम चालवला. चार जोड्या. थोड्या वेळाने नऊ. ती अधाशासारखी एकेक ऐकत गेली. पण बाबांच्या बोलण्यात आता घरची हालहवाल नव्हती. त्यांचा राग तिला ठाऊक होता, ते आवाज चढवायचे नाहीत, उतरवायचे.

"तीन वाजून पाच. हेही पुन्हा घ्यावं लागतंय."

"साडेतीन. वीस वर्षांचं काम. विचारलं नाही कुणी."

मग बराच वेळ नुसती खरखर... आणि अगदी माइकला ओठ लावून, हळू...

"चार वाजले. तेरा हजार आहेत. एकट्याने होणार नाही. ज्याने पुसलं त्याने बसावं."

धाकटीने हेडफोन काढून फेकले आणि दादाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. दुपारचा राग कुठल्या कुठे गेला होता. उचल रे, एवढंच ती पुटपुटत होती. शेवटी वहिनीने उचलला. हे झोपलेत अजून, म्हणाली, आज फारच लागलीय झोप, थांब, उठवते.

तेवढ्यात यादीत नवी ओळ आली. चार वाजून बारा. धाकटीला ती उघडायची नव्हती. तिने हेडफोन उचलून एका कानाशी धरले आणि ती उघडली.

खाकरणं बाबांचंच होतं. पुढचा आवाज मात्र बाबांचा नव्हता. नुकताच उठवून बसवलेल्या माणसासारखा, अडखळणारा.

"आज... आज सोमवार..."

"वेळ सांग," बाबा म्हणाले. "आणि घाई करू नकोस. पुष्कळ आहेत."

फोनवर वहिनी हाका मारत होती. अहो. अहो, उठा ना. धाकटीचा फोन आहे.